लाल डोंगर, निळा समुद्र आणि छप्पर नसलेली मशीद

नाइस, कान आणि मोनॅको ही नावे सिनेमा आणि वर्तमानपत्रांमुळे आपल्या घरांतही ठाऊक झाली आहेत. फ्रान्सच्या त्याच दक्षिण किनाऱ्यावर, कानच्या थोडे पश्चिमेला, फ्रेजुस नावाचे एक जुने गाव आहे. त्याला खेटूनच सेंट राफाएल हे दुसरे गाव आहे. कुठे एक संपते आणि दुसरे सुरू होते हे नवख्याला कळतही नाही. गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही या गावांत राहून आलो. आम्ही म्हणजे आम्ही नवरा-बायको आणि सत्तरी ओलांडलेली अम्मी.

जाण्याचे कारण सहलीपुरते नव्हते. आमचा धाकटा भाऊ त्या भागात सोफिया अँटिपोलिस नावाच्या तंत्रज्ञान नगरीत नोकरीला आहे. दोन वर्षांपूर्वी अब्बांचा इंतकाल झाला तेव्हा तो वेळेत पोहोचू शकला नाही. आपल्याकडे मय्यत फार वेळ ठेवत नाहीत. तो रत्नागिरीला आला तेव्हा दफन होऊन दीड दिवस झाला होता. अम्मी त्याला एका शब्दाने बोलली नाही. पण बोलली नाही हेच त्याला लागले. या वेळी त्यानेच तिकिटे काढली आणि म्हणाला, "अम्मी, मी कुठे राहतो ते एकदा येऊन बघ." अम्मीला नाइसच्या गर्दीत करमणार नाही म्हणून त्याने चार दिवसांसाठी फ्रेजुसमध्ये घर घेतले.

रोमनांचे बंदर

नाइसहून रेल्वेने साधारण तासाभरात सेंट राफाएल येते. बराच वेळ गाडी समुद्राला चिकटून धावते. डाव्या हाताची खिडकी मिळाली तर पैसे वसूल. शेवटच्या टप्प्यात एकाएकी लाल खडक दिसू लागतात. आमच्या पुतण्याने दादीला स्टेशनांची नावे वाचून दाखवायचे काम घेतले होते. 'आगे' असे नाव त्याने वाचले तेव्हा अम्मी दचकून म्हणाली, "अजून आगे? किती लांब नेताय रे मला?" डब्यात आम्ही सगळे हसलो. पुढे सहलभर कुठेही चालून थकलो की कोणीतरी 'आगे' म्हणायचे.

फ्रेजुस हे नाव लॅटिन 'फोरम जूली' वरून आले. ज्यूलियस सीझरच्या नावाचे हे ठाणे इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात वसले. पुढे ऑक्टेव्हियनने अँटनी आणि इजिप्तची राणी क्लिओपात्रा यांचा अ‍ॅक्टियमच्या लढाईत पराभव केला आणि त्यांची पकडलेली गलबते या बंदरात पाठवली. आज ते बंदर शोधायला गेलो तर जमीनच सापडते. अर्जां नदीने आणलेल्या गाळाने ते भरून गेले आणि समुद्र किलोमीटरभराहून अधिक मागे सरला. दाभोळ-चौलची जुनी बंदरे पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही.

रोमनांच्या खुणा गावभर पसरल्या आहेत. सुमारे दहा हजार माणसे बसतील एवढे गोल मैदान आहे; त्यात दुरुस्तीसाठी घातलेले नवे काँक्रीट डोळ्यांना खुपते. डोंगरातून सुमारे ४० किलोमीटरवरून पाणी आणणाऱ्या कालव्याच्या कमानी एका बागेत उभ्या आहेत. तिथे मुले खेळतात, म्हातारी माणसे बाकांवर बसतात, तिकीट नाही. जुन्या चर्चच्या आवारात पाचव्या शतकातले अष्टकोनी बाप्तिस्मागृह आहे, आणि ओसरीच्या लाकडी छताला चौदाव्या शतकात रंगवलेल्या लहान लहान फळ्या आहेत. मूळच्या सुमारे १२०० फळ्यांपैकी तीनशेच्या आसपास उरल्या आहेत. त्यांवर साधू, जनावरे, अर्धे माणूस अर्धे मासे असे काहीही चितारलेले आहे. मान वर करून करून आम्ही थकलो, पुतण्या थकला नाही.

मिसिरी

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ म्हणाला, "आज तुम्हाला एक मशीद दाखवतो. पण आत जाता येणार नाही."

गावाबाहेर, पाइनच्या झाडांमध्ये, कुंपणापलीकडे ती उभी आहे. लालसर गेरूच्या रंगाची, जाड भिंतींची, टोकदार मनोऱ्यांची. फ्रान्समध्ये असे काही दिसेल असे कोणाच्या मनातही येणार नाही. आफ्रिकेतल्या माली देशात जेने नावाच्या गावी मातीची प्रसिद्ध जामा मशीद आहे, तिच्या धर्तीवर ही बांधली आहे. मात्र ही मातीची नसून काँक्रीटची आहे. नाव 'मिसिरी'. मालीतल्या बाम्बारा भाषेत मिसिरी म्हणजे मशीद. आपल्या 'मस्जिद' याच शब्दाचे ते रूप.

ती इथे कशी आली याची हकिकत पहिल्या महायुद्धापासून सुरू होते. फ्रान्सने पश्चिम आफ्रिकेतल्या आपल्या वसाहतींतून सैनिक आणले. त्यांना सरसकट 'सेनेगाली' म्हणत, पण ते आजच्या माली, गिनी, बुर्किना फासो अशा अनेक प्रदेशांतले होते, आणि त्यांत मुसलमान मोठ्या संख्येने होते. उत्तरेकडच्या आघाडीवरच्या थंडीत ही माणसे आजारी पडत, म्हणून हिवाळ्यात त्यांना या उबदार किनाऱ्यावर आणून ठेवत. फ्रेजुस आणि सेंट राफाएलभोवती छावण्या आणि इस्पितळे उभी राहिली. वसंत ऋतू आला की पुन्हा आघाडीवर रवानगी. युद्ध संपल्यावरही छावण्या राहिल्या.

या छावण्यांमध्ये १९२८ ते १९३० च्या सुमारास मिसिरी बांधली गेली. त्या कामात कॅप्टन अब्देल कादर मादेम्बा या आफ्रिकी अधिकाऱ्याचा पुढाकार होता. हेतू असा की, घरापासून हजारो मैल दूर असलेल्या जवानांना आपल्या गावासारखे काही डोळ्यांसमोर असावे, संध्याकाळी तिथे जमावे, बोलावे. नमाजासाठी ती बांधलेली नव्हती. आत मधली जागा उघडी आहे, वर छप्पर नाही. म्हणजे मशिदीचा आकार आहे, मशीद नाही. १९८७ मध्ये फ्रेंच सरकारने तिची ऐतिहासिक वास्तू म्हणून नोंद केली.

आमच्यात यावरून थोडा वाद झाला. भावजय म्हणाली, "ही काय कदर झाली? लढायला माणसे आणली आणि नमाजाची जागा द्यायची ती नाटकातल्या देखाव्यासारखी दिली." भाऊ म्हणाला, "पण बांधणाऱ्यांत त्यांचीच माणसे होती." दोघांचेही खरे होते. अम्मी कुंपणाला धरून बराच वेळ उभी होती. मग म्हणाली, "घरची आठवण आली की माणूस घराचा नुसता आकारसुद्धा बघत बसतो." एवढे बोलून ती भावाकडे न बघता चालू लागली.

त्याच काळातली आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. छावणीच्या शेजारी लूसी कुस्तुरिये नावाची एक फ्रेंच चित्रकार राहत होती. काळे सैनिक आले म्हणून आसपासचे लोक घाबरलेले होते. या बाईने त्यांना घरात घेतले आणि लिहा-वाचायला शिकवले. १९२० मध्ये तिने या विद्यार्थ्यांविषयी पुस्तक लिहिले. त्याच्या नावाचा अर्थ 'माझ्या घरी आलेले अनोळखी लोक' असा होतो. परक्या मुलखात एक दार उघडे असणे म्हणजे काय हे ज्यांची मुले बाहेरगावी आहेत त्यांना अधिक कळेल.

मिसिरीसारखीच दुसरी वास्तू गावाच्या दुसऱ्या बाजूला आहे. व्हिएतनामहून आणलेल्या सैनिकांनी १९१७ मध्ये उभारलेला हाँग हिएन हा बौद्ध पॅगोडा. तो मात्र आजही प्रार्थनेचे ठिकाण आहे. समुद्रकाठी आफ्रिकी सैनिकांचे एक शिल्प १९९४ मध्ये बसवले आहे.

फ्रेजुसमध्ये नमाजाची मशीद आता वेगळी आहे. तिच्या बांधकामावरून नगरपालिका आणि मशीद यांच्यात वर्षानुवर्षे वाद चालला, प्रकरण न्यायालयांत गेले, आणि अखेर जानेवारी २०१६ मध्ये ती उघडली.

एस्तेरेलचा लाल डोंगर

फ्रेजुसच्या पूर्वेला एस्तेरेलचा डोंगर थेट समुद्रात उतरतो. हा खडक सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीतून तयार झालेला आहे. आपला सह्याद्रीही ज्वालामुखीचाच, पण काळा. हा मात्र विटेसारखा लाल आहे. त्याच्याखाली निळे-हिरवे पाणी आणि वर पाइन व कॉर्क ओकची झाडी. सर्वांत उंच शिखर सुमारे ६१५ मीटरचे, म्हणजे उंची फार नाही. पण समुद्रातून सरळ वर आल्यामुळे डोंगर रांगडा वाटतो. डोंगर आणि पाणी यांच्यामधून सेंट राफाएलपासून कानच्या दिशेने जाणारा 'सोनेरी कडा' हा रस्ता १९०३ मध्ये खुला झाला. मोटार नसेल तरी हरकत नाही. स्थानिक रेल्वेगाडी किनाऱ्यावरच्या लहान स्टेशनांवर थांबते आणि तिथूनच पायवाटा सुरू होतात.

आम्ही द्रामों या भूशिराची वाट निवडली. चढ सोपा आहे, लहान मुले आणि वयस्क माणसे सावकाश जाऊ शकतात. पलीकडे पाण्यात 'सोन्याचे बेट' नावाचा लाल खडक आणि त्यावर चौकोनी बुरूज दिसतो. खालच्या गोट्यांच्या किनाऱ्यावर १५ ऑगस्ट १९४४ रोजी अमेरिकन सैन्य उतरले होते. जवळच, आगेच्या उपसागरात, दहाव्या शतकातले बुडालेले एक गलबत पाणबुड्यांना सापडले आहे. अंदलुसच्या मुसलमानांचे एक ठाणे त्या काळी या किनाऱ्यावर, पश्चिमेकडच्या डोंगरात, ऐंशीहून अधिक वर्षे होते. गलबतातली मातीची भांडी आणि दिवे त्याच काळातले. म्हणजे या किनाऱ्यावर आपल्यासारखी माणसे काही परवा आलेली नाहीत.

जोहरची वेळ झाली. वाटेपासून बाजूला सपाट खडकावर आम्ही चटई अंथरली. भावाने मोबाइलवर किब्ला पाहिला: आग्नेय दिशा. आम्ही उभे राहिलो आणि लक्षात आले की तोंड समुद्राकडे आहे.

सलाम फेरल्यावर अम्मी बसून राहिली. म्हणाली, "आपल्याकडेही समुद्राकडेच तोंड असते की."

खरेच. कोकणात किब्ला पश्चिमेला; अंगणात नमाजाला उभे राहिले की समोर दर्या. इथे किब्ला आग्नेयेला, तरी समोर दर्याच. रत्नागिरीचा माणूस आणि फ्रेजुसचा माणूस नमाजात एकमेकांकडेच तोंड करून उभे असतात, मध्ये काबा असतो. आमच्याकडे मगरिबला सूर्य समोर बुडतो. इथे ऑक्टोबरात फजरनंतर तो साधारण समोरूनच उगवतो. भूगोलाच्या पुस्तकात हे कोणी शिकवले नव्हते.

बूलूरीचे कब्रस्तान

द्रामोंहून परतताना बूलूरी येथे उतरलो. इथे झाडांच्या सावलीत एक लष्करी कब्रस्तान आहे. ऑगस्ट १९४४ मध्ये दक्षिण फ्रान्स मुक्त करताना पडलेले ४६४ सैनिक इथे विसावले आहेत. त्या फ्रेंच सैन्याचा मोठा भाग अल्जिरिया, मोरोक्को, ट्युनिशिया आणि पश्चिम आफ्रिकेतून आलेला होता. म्हणून मुसलमान, ख्रिस्ती, यहुदी, बौद्ध अशा सर्वांच्या कबरी एकाच आवारात आहेत. कब्रस्तानाचे उद्घाटन १९६४ मध्ये झाले.

नावे वाचत आम्ही फिरलो. मोहम्मद, अहमद, अली अशी आपल्या गल्लीतली नावे, आणि नावाखाली पलटण, तारीख व 'फ्रान्ससाठी मरण पावला' ही नोंद. ज्यांचा देश तेव्हा फ्रान्सचा गुलाम होता ते फ्रान्सला मुक्त करायला आले होते. जे वाचले त्यांचे काय झाले? वसाहती स्वतंत्र होऊ लागल्यावर १९५९ च्या एका कायद्याने त्यांची पेन्शन गोठवली गेली. शेजारी लढलेल्या फ्रेंच सैनिकाची वाढत गेली, यांची जागच्या जागी राहिली. २००६ मध्ये या सैनिकांवरचा 'इंदिजेन' हा चित्रपट आला, बोभाटा झाला आणि त्यानंतर सरकारने ही तफावत दूर करायला सुरुवात केली. तोवर बहुतेक जण हयात नव्हते.

अम्मीने सर्वांसाठी फातिहा पढली. मग एका कबरीजवळ थांबून म्हणाली, "याच्या आईला कबर बघायला मिळाली नसेल." भाऊ शेजारीच उभा होता. तो हळूच म्हणाला, "अम्मी, मला अब्बांचा चेहरा बघायला मिळाला नाही." दोन वर्षांत पहिल्यांदा तो हे बोलला. अम्मीने त्याचा हात धरला आणि फाटकापर्यंत सोडला नाही. आम्ही मागे राहिलो.

फुटलेले धरण

फ्रेजुसच्या उत्तरेला माल्पासे धरणाचे अवशेष आहेत. रेरां या लहान नदीवर १९५४ मध्ये सुमारे ६० मीटर उंचीचे कमानी धरण बांधले गेले. ते पाच वर्षे पूर्ण भरलेच नाही. १९५९ च्या नोव्हेंबरअखेर मुसळधार पाऊस झाला, पाणी काठोकाठ आले आणि २ डिसेंबरच्या रात्री सव्वानऊच्या सुमारास धरण फुटले. काँक्रीटमध्ये दोष नव्हता. डाव्या काठाखालच्या खडकात भेगा होत्या, त्यांत पाण्याचा दाब वाढला आणि पायाच सरकला. पाण्याची भिंत वीसेक मिनिटांत फ्रेजुसला पोहोचली. ४२३ माणसे गेली. त्यांत महामार्गाच्या कामावरचे मजूरही होते. पुण्याचे पानशेत फुटले ते पुढे दीड वर्षाने.

आज तिथे पायवाटेने जाता येते. घराएवढे काँक्रीटचे तुकडे दरीत इतस्ततः पडले आहेत आणि त्यांच्यातून झुडपे उगवली आहेत. या दुर्घटनेनंतर फ्रान्सच्या कायद्यात एक बदल झाला: वाग्दत्त वर मरण पावला असेल तरी राष्ट्राध्यक्षांच्या परवानगीने त्याच्याशी विवाहाची नोंद करता येते. होणारा नवरा पुरात गमावलेल्या एका गरोदर तरुणीच्या मागणीतून तो कायदा आला.

मुलांसाठी

सगळेच गंभीर नव्हते. अर्जां नदीच्या मुखाशी व्हिलपेची पाणथळ जागा आहे. तिथे रोहित पक्षी आणि बगळे दिसतात. दुर्बीण असेल तर न्यावी. समुद्राला लागून जुन्या नौदलाच्या विमानतळाचे मोठे मोकळे मैदान केले आहे. सायकली, पतंग, फुटबॉल, काय हवे ते. याच जागेवरून २३ सप्टेंबर १९१३ रोजी रोलाँ गारोस या वैमानिकाने उड्डाण केले आणि भूमध्य समुद्र ओलांडून ट्युनिशियातल्या बिझर्तला उतरला. टेनिसची स्पर्धा ज्याच्या नावाने चालते तो हाच. तो टेनिसपटू नव्हे, वैमानिक होता हे ऐकून पुतण्याला फार नवल वाटले.

जाणाऱ्यांसाठी थोडे

एप्रिल-मे किंवा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हा काळ चांगला. उन्हाळ्यात गर्दी आणि भाडी दोन्ही वाढतात. शिवाय वणव्याच्या धोक्यामुळे वाऱ्याच्या दिवशी एस्तेरेलच्या वाटा बंद ठेवतात. तेव्हा निघण्यापूर्वी पर्यटन कार्यालयात विचारावे. डोंगरात विस्तव पेटवू नये. शरद ऋतूत मोठा पाऊस येऊ शकतो. तशा दिवशी ओढ्या-नद्यांकडे जाऊ नये.

आपल्या बहिणी पोशाखाबद्दल विचारतात म्हणून लिहितो. रस्त्यावर, दुकानात, रेल्वेत डोक्यावर रुमाल-ओढणी चालते. चेहरा झाकण्यास मात्र २०११ पासून सार्वजनिक ठिकाणी कायद्याने बंदी आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात या किनाऱ्यावरच्या अनेक नगरपालिकांनी अंगभर पोहण्याच्या पोशाखावर बंदी घातली होती. त्यांपैकी एका गावाचा आदेश फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने २६ ऑगस्ट २०१६ रोजी स्थगित केला. आमच्या अम्मीकडे तिच्या ओढणीमुळे काही जण वळून पाहत होते, तसेच काही जण जागाही देत होते.

हलाल मांसाची दुकाने या भागात मिळतात, कारण उत्तर आफ्रिकी वस्ती जुनी आहे. हॉटेलात मासे मागवले तरी रश्श्यात वाइन आहे का हे विचारून घ्यावे. नाइसला 'सोक्का' मिळतो, चण्याच्या पिठाचे मोठे धिरडे. अम्मीने एक घास खाल्ला आणि म्हणाली, "मिरची-कोथिंबीर विसरले." घरात चूल असेल असे ठिकाण घेतले तर खर्च वाचतो. आम्ही बाजारातून बांगड्यासारखे मासे आणले आणि सोबत नेलेल्या कोकमात कालवण केले.

परतीच्या दिवशी

निघायच्या सकाळी भाऊ विचारत होता, अजून काही पाहायचे आहे का. आम्हाला वाटले अम्मी बाजार म्हणेल. ती म्हणाली, "ती लाल मशीद."

पुन्हा गेलो. फाटक बंदच होते. आदल्या रात्री पाऊस पडून गेला होता आणि भिंतींचा रंग गडद दिसत होता. अम्मीने कुंपणाबाहेर उभी राहून दुआ मागितली. काय मागितले ते आम्ही विचारले नाही. परतताना तिने पिशवीतून कोकमाची उरलेली पुडी काढली, भावजयीच्या हातात दिली आणि भावाला म्हणाली, "फोन केलास तर रोज फजरनंतर कर. तेव्हा मीही जागी असते."

आता तो रोज करतो. त्याच्याकडे फजर होते तेव्हा आमच्याकडे ऊन वर आलेले असते. अम्मी फोन घेऊन अंगणात येते आणि समुद्राकडे तोंड करून बोलते.